राखणदाराचा नारळ

तारा गवस जिना चढून वर आली तेव्हा जयराम मळीक एका मेलेल्या म्हशीचा फॉर्म भरत होता. म्हशीचं वय, रंग, शिंगांची ठेवण, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, सगळं तो मन लावून लिहीत होता, कारण गेले तेरा दिवस मन लावण्यासारखं दुसरं काही त्याला सापडत नव्हतं. बाईने दाराबाहेर चपला काढल्या, कापडी पिशवी पोटाशी धरून ती आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "माझ्या घोवाक गाडयेन धडक दिली. मुळगावच्या वळणार. फॉर्म भरूचो असा." जयरामचं पेन म्हशीच्या डाव्या शिंगावर थांबलं. टेकून राहिलं तिथे शाईचा ठिपका पसरला, आणि एवढ्या धक्क्यातही त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की आता हा फॉर्म परत येणार.

डिचोलीच्या बसस्टँडसमोर, बेकरीच्या माडीवर त्याची ही खोली. खाली भट्टी पेटली की लादी पायांना गरम लागायची. वीस वर्षं तो या लादीवर पाय ठेवून विम्याचं काम करत होता. पॉलिसी कमी, फॉर्म जास्त. गाडी ठोकली, म्हैस मेली, म्हातारा गेला, की माणसं हा जिना चढायची. जयरामने भरलेला फॉर्म परत येत नाही, अशी त्याची ख्याती होती. अपघाताचं कारण या रकान्यात काय लिहायचं हे लोकांना कळत नसे. ते सगळं खरं सांगत सुटत. दारू प्यायलो होतो, मोबाईल बघत होतो, बायकोशी भांडत होतो. जयराम ऐकून घ्यायचा आणि लिहायचा, 'मोकाट गाय आडवी आली.' डिचोली तालुक्यात त्याच्या फॉर्मांवर जेवढ्या गाई आडव्या आल्या तेवढ्या साऱ्या गोव्यात नसतील. आणि सगळ्यांना तो एकच गोष्ट दटावून सांगायचा. माणसाला लागलं असेल तर मात्र गाय-बीय काही चालायची नाही. आधी त्याला इस्पितळात न्यायचं, मग पोलिसांत वर्दी, मग कंपनीला लेखी. चोवीस तासांच्या आत. चोवीस म्हणजे चोवीस, पंचवीस नव्हेत. हे म्हणताना तो टेबलावर बोट आपटायचा. ते बोट आता त्याने टेबलाखाली, मुठीत दाबून धरलं होतं. बारा दिवस तो या जिन्यावर बुटांचा आवाज यायची वाट बघत होता. कोणी दाराबाहेर चपला काढून येईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बसा वैनी," तो म्हणाला. ती बसलेलीच होती. त्याने म्हैस बाजूला सारली आणि कपाटातून कोरा फॉर्म काढला. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या भरपाईचा अर्ज. हा फॉर्म क्वचित लागे, म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी होता, कडा पिवळ्या पडलेल्या. शेवटचा एकच उरला होता. "नाव?"

"तारा सखाराम गवस."

"नवऱ्याचं?"

"सखाराम. सखाराम बाबी गवस. आमी दोडामार्गाकडचे. आदी ते खाणीर होते, खाण बंद झाली तशे बागायतीत ऱ्हवले. काजू पुंजावूक."

जयराम लिहीत गेला. अक्षर नेहमीसारखंच येत होतं, गोल, सरळ रेषेत, आणि त्याला त्या अक्षराची चीड आली. हात कापायला नको होता का? नाव तर त्याला ठाऊकच होतं. अकरा दिवस ते नाव त्याच्याबरोबर जेवत होतं, झोपत होतं. आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना ते आठवे आणि तो तांब्या तसाच धरून उभा राही. पण ते वर्तमानपत्रातलं नाव होतं, चार ओळींतलं. आता ते या बाईच्या तोंडून आलं आणि त्याला बाप आला, गाव आला, धंदा आला. अर्जात असंच असतं. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, आणि मग काय झालं ते. एवढं लिहिलं की कागदावर माणूस उभा राहतो, आणि उभा राहिलेल्या माणसाला गाय म्हणता येत नाही.

तेरा दिवसांपूर्वीच्या त्या बुधवारी भर दुपार होती. गावाहून, पार्सेहून, निघायलाच उशीर झाला होता. अस्नोडा सोडून मुळगावच्या आतल्या रस्त्याला तो लागला तेव्हा ऊन असं होतं की डांबर समोर हलताना दिसत होतं. काचा बंद होत्या, तरी पडून कुजणाऱ्या काजूच्या बोंडूंचा वास आत येत होता. फोन वाजला. नुसता वाजला, त्याने तो उचललासुद्धा नाही, पण नजर मात्र गेली. मग ठप्प. एकच आवाज, काहीतरी भरलेलं पोतं पडावं तसा. डोळ्यांच्या कोपऱ्यात त्याला दिसलं होतं ते एवढंच, डोक्यावरून गोणपाट घेतलेलं, उघड्या अंगाचं, हातात उंच काठी असलेलं कोणीतरी. गाडी वीस-पंचवीस पावलांवर जाऊन थांबली. त्याने आरशात बघितलं. रस्ता रिकामा. एक काठी तेवढी आडवी पडली होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. वळणावर चिऱ्यांचा तो जुना चौथरा होता, बाजूला सातवणाचं झाड. चौथऱ्यावर विड्यांची थोटकं. जागा राखणदाराची होती आणि वेळ बाराची.

राखणदार म्हणजे काय हे पार्सेच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. गावाच्या वाटा राखणारा तो. उंच, खांद्यावर कांबळ, हातात काठी. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला आपल्या वाटेने फिरतो. जयरामच्या वडलांना, विठू मळिकांना, तो एकदा भेटला होता. बैलगाडीचं चाक त्याला लागलं, खाली उतरून बघतात तर कोणी नाही. वडील ती हकिगत हळू आवाजात सांगत आणि शेवटी धडा देत. त्याला धक्का लागला तर मागे वळून बघायचं नाही. हाक मारायची नाही. वाकून शोधायचं तर मुळीच नाही. सरळ पुढे जायचं, नारळ घेऊन परत यायचं आणि आपलं नाव-गाव सांगून गाऱ्हाणं घालायचं. जयराम गाडीतून उतरला. डावा दिवा फुटला होता, बॉनेटला पोचा आला होता. त्याने मान वळवली नाही. वडलांचा धडा त्याने अक्षर न् अक्षर पाळला. आयुष्यात त्यांचं एवढं कधी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं.

"अपघाताची जागा?" त्याने विचारलं.

"मुळगावचा वळाण. राखणदाराकडे. चौथऱ्याच्या खाली व्हाळ असा मा, थय मोरयेच्या तोंडार पडलले." 'रस्त्याखालच्या ओढ्यात, मोरीच्या तोंडाशी' असं त्याने लिहिलं. तिने पिशवी मांडीवर सरळ केली. पिशवीत गोल असं काहीतरी होतं. डबा असेल, इस्पितळातून आली असेल, असं त्याला वाटलं.

"तारीख?"

"गेल्याच्या गेलो बुधवार."

"वेळ?"

"बारा."

त्याने 'दुपारी सुमारे बारा' असं लिहिलं आणि मग त्याचं पेन थबकलं. माणूस सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. बाराची वेळ हिला कोणी सांगितली? "बारा कशावरून म्हणतां?" आवाज शक्य तेवढा कचेरीतला ठेवून त्याने विचारलं.

"तेंनीच सांगल्यानी."

"बोलतत ते?"

"परवापासून. जबडो मोडललो तो तारेन बांधलोहा. दातांतसून बोलतत, पण माका कळता."

खाली बेकरीत कोणीतरी पत्रे आपटले. जयरामला वाटलं, आता ही म्हणेल. पण ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. पाणी प्यायचं तर तांब्या तिच्या बाजूला. शेवटी त्याने विचारलंच, "मग गाडी खंयची ती बघिल्ली काय तांणी? नंबर? रंग?"

"गाडी खय बघतले? पाठीसून इली," ती म्हणाली.

त्याच्या छातीतला दगड बाजूला झाला, आणि तो बाजूला झाल्याची त्याला त्याच क्षणी इतकी लाज वाटली की त्याने मान खाली घालून नसलेला काना दुरुस्त केला. सुटलो. असा शब्दच मनात आला होता, सुटलो. तुरुंगातून सुटावं तसं नव्हे, तर परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिलं आणि मास्तर पुढे निघून गेले तसं. त्याला तेव्हाच खाली उतरून भट्टीत डोकं घालावंसं वाटलं. पण तो बसून राहिला आणि त्याने पुढचा रकाना वाचला, इजांचा तपशील. ती सांगत गेली. जबडा, तीन बरगड्या, उजवा पाय. पाय रात्रभर तसाच वाकडा पडून राहिला म्हणून गुडघ्याखालून कापावा लागला. "डागतर म्हणालो, त्याच दिवशी हाडलां असतां तर पाय ऱ्हवलो असतो." 'त्याच दिवशी' हे दोन शब्द ती सहज बोलली, बस चुकल्याचं सांगावं इतक्या सहज.

त्याच दिवशी जयराम तिथे परत गेला होता. दीड वाजता, आणि रिकाम्या हाताने नव्हे. मुळगावातल्या दुकानातून नारळ, विड्यांचं बंडल. एका भट्टीवरून हुर्राकेची, काजूच्या दारूची, अर्धी बाटली. चौथरा त्याने हाताने झाडला. रस्त्यावरची काठी दोन्ही हातांनी उचलून, डोळ्यांना लावून चौथऱ्याला टेकून ठेवली. नारळाला कुंकू लावलं, शेंडी पुढे करून मांडला, हुर्राक शिंपडली आणि उन्हात उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा! हो मी पार्शेच्या विठू मळकाचो झील जयराम, तुझ्या वाटेर उभो आसां. आज बारांक माझ्या गाडयेचो तुका धको लागलो. जाणतेपणी न्हय, नेणतेपणी. चूक पदरात घे. रागार जाव नकां. माझ्या घरादाराक सांभाळ, माझ्या गाडयेक सांभाळ. तुझें तुका पावलें अशी खूण दी, म्हाराजा." आणि खूण मिळाली. चौथऱ्याच्या खालून, जमिनीतून यावा तसा आवाज आला. टक. टक. टक. काठी दगडावर आपटावी तसा. जयरामच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याचे डोळे भरून आले. त्याने तीनदा जमिनीला कपाळ लावलं आणि मागे न बघता तो निघाला. डिचोलीत येऊन त्याने शांतपणे स्वतःच्या गाडीचा फॉर्म भरला. अपघाताचं कारण: मोकाट गाय आडवी आली. राखणदार असा रकान्यात लिहिता येत नाही, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं. रात्री सुविधाला, आपल्या बायकोला, त्याने सगळं खरं सांगितलं, म्हणजे राखणदाराचं. तिने देव्हाऱ्यात दिवा लावला आणि म्हणाली, "नशीब बरें म्हणून खूण दिली तांणें. आतां भियेवपाचें ना."

मग काठीला आकडा का होता? हा प्रश्न त्याला त्या रात्री झोपेतून उठवून बसवून गेला. काठी उचलली तेव्हा टोकाला बांधलेला लोखंडी आकडा त्याच्या बोटाला लागला होता. बोंडू ओढून काढायचा आकडा. राखणदाराला बोंडू काढायचे असतात का? राखणदार गाडीचा दिवा फोडतो का? हे प्रश्न रात्रीचे नव्हते, हे त्याला आता या टेबलावर बसून स्वच्छ दिसत होतं. ते दुपारचेच होते. आकडा हाताला लागला तेव्हाच ते आले होते आणि तेव्हाच त्याने गाऱ्हाणं जरा मोठ्या आवाजात सुरू केलं होतं. देवाला ऐकू जावं म्हणून की स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून, हे त्याने आजवर विचारलं नव्हतं. वडलांचा धडा चांगला होता, पण वडलांच्या बैलगाडीला दिवा नव्हता आणि ती गाडी ताशी साठनेही जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव विकणारा पदेर सायकलवरून त्या वळणावर आला, भोंगा वाजवायचा थांबला आणि त्याला दगडाचा आवाज ऐकू आला. नऊ वाजता ही बातमी जयरामला दिवा बदलायला गाडी टाकली होती त्या गॅरेजात कळली. गॅरेजवाला अक्षय नवा दिवा बसवता बसवता म्हणाला, "मुळगावां एकल्याक ठोकून गेलो मरे कोणतरी. रातभर व्हाळांत पडिल्लो." जयरामने घड्याळात बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. चोवीस तास व्हायला अजून तीन तास होते, दहा मिनिटं कमी. पोलीस ठाणं चालत पाच मिनिटांवर. जगात दुसऱ्या कोणाला या तीन तासांचा अर्थ एवढा पक्का ठाऊक नसेल. तो इथे येऊन याच खुर्चीत बसला. दहाला उठला, चप्पल घातली, परत बसला. अकराला त्याने वर्दीचा मजकूर लिहून काढला, उत्तम मजकूर, कलमासकट, आणि फाडला. साडेअकराला तो जिना उतरून रस्त्यापर्यंत गेला, बेकरीतून त्याने पाव घेतले आणि वर आला. त्या पावांकडे बघत त्याने बारा वाजवले. बारा वाजून गेले तेव्हा त्याला चक्क हलकं वाटलं. आता उशीर झालाच होता. आता सांगितलं काय, न सांगितलं काय. असं हलकं वाटणारा माणूस काय लायकीचा असतो हे त्याला कळत होतं, पण कळून त्याने काय केलं? पाव खाल्ले.

"भाऊ," तारा म्हणाली. तो दचकला. "ह्यो नववो रकानो कित्याचो?"

तिला वाचता येत होतं. त्याने ते गृहीत धरलं नव्हतं. "धडक दिलेल्या वाहनाचा क्रमांक," त्याने वाचून दाखवलं.

"गाडी गावली तर काय आणि नाय गावली तर काय? माका समजावन सांगा. बसस्टँडार सगळे म्हणाले, मळीक भाऊंका इचार, तेंका सगळा म्हायत असा."

आणि जयरामने समजावून सांगितलं. वीस वर्षांची सवय तोंडाला होती, तोंड बोलत गेलं. गाडी सापडली नाही तर सरकार एक ठरलेली रक्कम देतं, तिच्यात औषधंसुद्धा भागत नाहीत. गाडी सापडली तर गोष्ट वेगळी. मग कोर्टात दावा घालायचा. गाडीचा विमा असला की कंपनीला भरावंच लागतं. गेलेला पाय, बुडालेली मजुरी, पुढच्या सगळ्या वर्षांची कमाई, लाकडी पाय, सगळं धरतात. गाडीवाल्याने उशिरा कळवलं म्हणून जखमी माणसाचा हक्क बुडत नाही, कंपनीचं आणि गाडीवाल्याचं काय व्हायचं ते होवो. "आणि गाडीवाल्याक काय जाता?" तिने विचारलं. "पोलीस केस," तो म्हणाला. "कैद होऊ शकते. त्याच वेळी उचलून इस्पितळात नेलं असतं तर गोष्ट निराळी. पळालो म्हणून जास्त." 'पळाला' म्हणायचं होतं, 'पळालो' आलं. त्याने झटकन तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा जसाच्या तसा. मालवणीत तसंच म्हणतात, तो पळालो. जीभ वाचवून गेली.

पेन नवव्या रकान्यावर होतं. त्याला दिसत होतं की हा एक रकाना आहे, चार बोटं लांब, आणि याच्या एका बाजूला एका माणसाचा लाकडी पाय आहे, चूल आहे, आणि दुसऱ्या बाजूला सुविधा आहे, ही खोली आहे, मळीक भाऊ म्हणणारी माणसं आहेत. नंबर त्याला पाठ होता. स्वतःच्या गाडीचा नंबर कोणाला पाठ नसतो? लिही, तो स्वतःला म्हणाला. ही बाई वाट बघते आहे, लिही. देवाच्या पुढ्यात भर उन्हात ओरडून सांगितलंस, तेच हळू आवाजात लिहायचं आहे. त्याला खरोखर रडू येत होतं. आणि रडू येत असतानाच हाताने आपलं काम केलं. गोल, सरळ अक्षरात हाताने लिहिलं: अज्ञात.

"काय लिवलात?"

"अज्ञात. म्हणजे ठाऊक नाही."

"वाचलंय मीया," तारा म्हणाली. मग तिने पिशवीत हात घातला आणि त्या फॉर्मवर, सहीच्या जागेच्या जरा वर, एक नारळ ठेवला. शेंडी उन्हाने पिंजारली होती. कुंकू फिकटलं होतं, पण होतं. "राखणदाराच्या चौथऱ्यार होतो. राखणदाराचो नारळ कोण हात लावणा नाय, तेरा दिवस थयच पडान होतो. आज येताना मीया घेतलंय. तेचो असतो तर माका घेवक धीर झालो नसतो. पण ह्यो तेचो नाय. तुमचो तुमका हाडून दिलंय."

जयरामने नारळाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"तेंनी गाऱ्हाणा आयकल्यानी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सगळा. खाली व्हाळात पडान आयकत होते. जबडो मोडललो, आरडूक येय ना. वर कोणतरी बोलता, म्हणजे माणूस इलो, वाचलंव, असा तेंका वाटला. तुमी खूण मागितलात. तेंनी हातात गावलो तो दगड मोरयेर वाजयल्यानी. तीन फावट वाजयल्यानी. तुमी नमस्कार करून गेलात."

टक. टक. टक. जयरामने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. तीनदा कपाळ टेकलं होतं त्याने, त्या मातीचा वाससुद्धा आठवत होता. आणि कपाळापासून दहा-बारा हात खाली एक माणूस आपल्यासाठी खूण मागितली जाते आहे असं समजून सगळा जीव एकवटून ती देत होता. त्याने ती घेतली होती. डोळे भरून घेतली होती आणि घरी जाऊन बायकोला सांगितली होती.

"तेंका तोंडाक तार होती म्हणान सांगूक दिवस गेले," तारा म्हणाली. "परवा सांगल्यानी. विठू मळीक, पार्शे, जयराम. मी म्हटलंय, सरळ पोलिसात जातंय. तर माका सोडीनत. म्हणतत, गे, तो पळपुटो न्हय. पळणारो परत येता काय? नारळ घेवन येता काय? तेका खरांच म्हायत नाय, राखणदार समाजलो तो. माणूस म्हणान कळला तर तो आपणच सांगतलो, तू नुसती जावन बस तेच्यासमोर. रात्रभर तेंनी ह्याच एका आशेर काढल्यानी, की तुमी परत येतलात." तिने पिशवीची घडी घातली, परत उघडली, परत घातली. "म्हणान फॉर्म घेवन इलंय. माका फॉर्म भरूक कोणय होतो. तुमी काय लिवतात ता बघूचा होता."

बाहेर बसचा कंडक्टर अस्नोडा, म्हापसा असं ओरडत होता. जयरामने फॉर्म ओढला. नारळ गडगडत टेबलाच्या कडेला गेला तो तिनेच अडवला. दुसरा कोरा फॉर्म नव्हता. असता तर त्याने कदाचित हा फाडून तोही भरला असता, स्वच्छ, पहिल्यापासून नंबर लिहिलेला, जणू 'अज्ञात' कधी लिहिलंच नव्हतं. तेवढी सोय राहिली नव्हती. त्याने 'अज्ञात'वर एक रेघ मारली. शब्द रेघेखालून वाचता येत होता. वर स्वतःच्या गाडीचा नंबर लिहिला. आता हात कापत होता, आता अक्षर वेडंवाकडं आलं. फॉर्मवर खाडाखोड केली की बाजूला पूर्ण सही लागते, नाही तर फॉर्म परत येतो, हे त्याने शेकडो जणांना सांगितलं होतं. त्याने बाजूला पूर्ण सही केली. जयराम विठू मळीक.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यान. थय गाऱ्हाणा घातलात तसा."

तो वाचू लागला. नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, वेळ. वाचताना त्याला कळलं की हे तेच आहे, ओळीमागून ओळ, त्याच क्रमाने, फक्त 'नेणतेपणी' हा शब्द या कागदावर कुठे नाही. तो नंबरापाशी आला आणि त्याचा आवाज फुटला. तिने त्याला पुरतं होईस्तोवर थांबू दिलं नाही. मग कागद घेतला, दोन घड्या घालून चोळीत सारला, आणि उठली.

"वैनी," तो म्हणाला, "मी येतां. आताच येतां तुमच्यावांगडा, पोलिसांत, बांबोळीच्या इस्पितळांत, खंय म्हणशात थंय."

"पोलिसात तुमी एकटे जावा. रस्तो तुमका म्हायत असा," ती दारात चपला घालताना म्हणाली. "तेंच्याकडे मात्र येव नका. तेंका मीया काय सांगाचा ता अजून ठरयलंय नाय. तुमी पयल्यांदा काय लिवलात ता सांगलंय तर ते उरले ते पण मोडतले." आणि ती जिना उतरली. शेवटच्या पायरीवर तिचं पाऊल क्षणभर अडखळल्याचं त्याला ऐकू आलं, मग बसच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

जयराम उभा राहिला. पोलीस ठाणं पाच मिनिटांवर होतं आणि घड्याळात बारा वाजायला आले होते. म्हशीचा फॉर्म तसाच पडला होता. त्याने नारळ उचलला, कारण तो तिथे ठेवून जाणं त्याला जमेना. नारळ हाताला गरम लागला. त्या रात्री सखारामने पाणी मागितलं असेल, हे त्याला आत्ता पहिल्यांदा सुचलं. हुर्राकेचा वास येत असेल, हा नारळ चौथऱ्याच्या कडेवर खालून दिसत असेल. त्याने तो कानाशी धरून हलवला.

आत पाणी होतं.